तोरणाखालची मोकळी जागा

गावाचं नाव मी लिहीत नाही. उभं आयुष्य नावं छापण्यात गेलं. रेतीघाटावरच्या ठेकेदाराचं नाव छापलं, धान खरेदी केंद्रावर माप मारणाऱ्याचं छापलं, आणि नाव गाळून बातमी देणाऱ्या पत्रकारांना चारचौघांत भित्रे म्हटलं. या एका गावाचं मात्र लिहीत नाही. तुमसरहून बपेऱ्याकडे जाताना लागतं, एवढं पुरे. मला त्या गावाला नावं ठेवण्याचा अधिकार राहिलेला नाही.

काम साधं होतं. रविवारच्या पुरवणीसाठी एका मोटारीचा इतिहास लिहायचा होता. वासुदेवरावांच्या राइस मिलमध्ये एक जुनी इटालियन गाडी होती. मुंबईच्या एका शौकिनाने ती विकत घेतली होती आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती ट्रकवर चढणार होती. ती कुठून आली, कोणाकोणाकडे राहिली, एवढं विचारून लिहायचं. माझ्या स्वभावाला न शोभणारी बातमी. संपादक म्हणाले, "एकदा तरी भांडण न करता परत या."

मी एसटीने गेलो. मला वाहन नाही, कधी नव्हतं. मिलच्या दारात वासुदेवराव उभे होते. साठीचा, अंगाने भरलेला, बोलायला गोड माणूस.

"या भाऊ, या! मोटारीची बातमी कराले एसटीनं आले?" ते हसले. "तुमी आले म्हंजे धास्ती वाटते बा. ह्या खेपेस तरी चांगलं छापा."

दिवस खांदमळणीचा होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळायची आणि त्याला जेवणाचं आवतन द्यायचं. गावभर त्याचीच गडबड होती. मिलमध्ये मात्र सामसूम. उकड्या धानाचा आंबूस, उबट वास भिंतींत मुरलेला. वासुदेवरावांनी मागच्या गोदामाचं कुलूप उघडलं, ताडपत्री ओढली, आणि कोंड्याची धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघे दारातच थांबलो.

सुंदर होती. माझ्यासारख्या भांडखोर माणसालाही ते कबूल करावं लागलं. लांब नाक, आखूड पाठ, दोनच दारं. रंग कधीकाळी गर्द निळा असावा. दूरच्या सफरींसाठी बांधलेली गाडी. एका देशात न्याहारी करून दुसऱ्या देशात जेवायला जावं, अशांची. ही मात्र इथल्या मँगनीजच्या काळ्या धुळीत फिरली आणि मग कोंड्यात उभी राहिली.

"इतिहास सोपा आहे," वासुदेवराव म्हणाले. "खाणीत इटलीचा इंजिनिअर होता, त्यानं आणली. तो गेला, बाबूजींनी घेतली. हिरालाल शेठ, आमचे बाबूजी. ते गेले, माह्याकडे आली. कागद साफ आहेत."

मी उजवं दार उघडून आत बसलो, हात पुढे केले आणि ते हवेत राहिले. समोर चाकच नव्हतं.

"भाऊ, स्टेरिंग तिकडं, डाव्या बाजूले!" वासुदेवराव हसू लागले. "अख्खं गाव फसते. दुरून पाहिलं तं वाटते, डायवर नाहीच."

उतरताना हात पुढच्या चाकावरच्या फुगवट्यावर टेकला आणि बोटांना ओशट लागलं. पिवळं. वास घेतला. लोणी आणि हळद, दोन्ही ताजी. पलीकडच्या चाकावरही तसंच. मऊ हाताने, गोल गोल चोळलेलं.

"हे कोणी लावलं?"

वासुदेवरावांच्या हातात कुलूप होतं. त्यांनी कुलपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुलूप तं म्या आता तुमच्यासमोर उघडलं ना…" आवाज एकदम खाली आला होता. "दरसाल असते. हे छापू नका, भाऊ."

कोणीतरी चेष्टा करतं आणि शेठ घाबरतो, असं मला वाटलं. बरं वाटलं, खरं सांगतो. बातमीत जीव आला.

फाट्यावर डोमाची चहाची टपरी आहे. मी गाडीचा विषय काढला. इंजिनिअर, हिरालाल शेठ, वासुदेवराव, अशी मालकांची रांग सांगितली आणि विचारलं, "बरोबर ना?"

बाकावरचे चार-पाच जण चहाच्या ग्लासात पाहू लागले. डोमा शेगडीशी खाटखूट करत राहिला. मग पाठ न वळवता म्हणाला, "परसरामच्या घरी जाऊन आले का?"

"कोण परसराम?"

चिमट्याने त्याने तलावाची दिशा दाखवली, एवढंच.

तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, शेवटचं घर. ओसरीवर रंभाबाई पळसाच्या पत्रावळी टाचत बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातली वाळकी बाई, पण हात थांबत नव्हता. मी पत्रकार आहे म्हटल्यावर त्यांनी मला नीट पाहून घेतलं.

"गाडीसाठी आले? मंग त्यायनं माह्या माणसाचं नाव नसन सांगतलं."

"नाही सांगितलं. तुम्ही सांगा."

त्यांनी सांगितलं ते असं. परसराम त्या इटलीच्या साहेबाचा ड्रायव्हर. गाडीला बैलासारखं पाहायचा. खांदमळणीला रंभाबाई बैलांचे खांदे मळायच्या आणि तो गाडीचे. चाकावरचे फुगवटे म्हणजे तिचे खांदे. 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' असं गाडीला म्हणायचा. साहेब आधी हसला. नंतर तोही बाही वर करून लोणी चोळू लागला.

"साहेब जायच्या वक्ती पोळ्यालेच थांबला. म्हणे, तुमच्या गावात कासरा ज्याच्या हाती त्याचा बैल, तं मीबी तसाच देतो. गाडीच्या नाकाले कासरा बांधला आन् माह्या माणसाच्या हाती देला. बैलाच्या रांगेत, तोरणाखाली. अख्ख्या गावानं पाहिलं. टाळ्या वाजवल्या लोकायनं."

"आणि कागद?"

"कागद हिरालाल शेठनं घेतले. म्हणे, तुह्या नावानं करून आणतो. माहा माणूस भोळा. देऊन टाकले."

पुढच्या पोळ्याला परसरामने गाडी पुन्हा रांगेत उभी केली. हिरालाल माणसं घेऊन आला. त्याने परसरामच्या हातातला कासरा काढून घेतला आणि गावाला विचारलं, सांगा, गाडी कोणाची? कोणी बोललं नाही. शेठचीच शेतं सगळे कसत होते. मग परसराम स्वतः रांगेतून फिरला. एकेकापुढे उभा राहिला. 'गाडी कोणाची, सांग ना गा.' ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या ते बैलांच्या खुरांकडे पाहत राहिले. रांग संपली तिथून तो तलावाकडे गेला. पुढे मासे धरणाऱ्या ढिवरांना शिंगाड्याच्या वेलात सापडला.

रंभाबाईंनी दाताने काडी तोडली. "मले पैसा नोको. गाडीबी नोको. परवा ते जाऊन राहिली. जायच्या आंधी, उद्या तोरणाखाली, एकानं तोंडानं म्हणावं, गाडी परसरामची. बस."

"तुम्हीच म्हणा ना, आजी!"

"म्या दरसाल म्हणलं. बायकोचं बोलणं त्याले पुरत नाही. त्यानं गावाले विचारलं होतं. गावानं नाही तं तुमच्यावानी परक्यानं सांगावं."

माझं डोकं तापलं होतं. "उद्या मी म्हणतो. वासुदेवरावांसमोर, सगळ्या गावासमोर. बपेऱ्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणतो!"

"लय मोठ्यानं नाही म्हणलं तरी चालते," त्या हळूच म्हणाल्या. "विचारलं म्हंजे सांगजा."

"कोण विचारणार?"

त्यांनी दुसरं पान घेतलं. तलावाकडून शेवाळाचा ओला वास आला. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

रात्री वासुदेवरावांकडेच मुक्काम होता. त्याआधी टपरीवर थांबून मी गावाचा उद्धार केला. मुकं गाव म्हणालो. मेंढरं म्हणालो. "बापांनी तोंड शिवून घेतलं, तुम्हीही शिवून घेतलं! लाज नाही वाटत?"

"वाटते ना, भाऊ," डोमा म्हणाला. "म्हणून तं खाली पाहतो."

"मी उद्या वर पाहून बोलणार आहे."

"बोला," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुमी बोलले तं आमी सुटू."

पोळ्याच्या दुपारपासून आभाळ भरून होतं, पण पाऊस नव्हता. आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या गावाबाहेरच्या मैदानावर, दोन खांबांमध्ये आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. बैल आले. झुली, बेगडाची शिंगं, गळ्यात घुंगरं. झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी, म्हणणारे एकमेकांवर कुरघोडी करत होते, पोरं खिदळत होती. एकच गोष्ट खटकली. रांगेच्या मधोमध एका मोटारीएवढी जागा मोकळी होती. कोणी ती आखली नव्हती, कोणी राखत नव्हतं. नवी जोडी आली की सरळ पुढे जाऊन दुसरीकडे उभी राहायची. एक अवखळ गोऱ्हा उधळत तिकडे गेला, काठावर पाय रोवून थांबला आणि उलट्या पावली मागे आला.

मुंबईच्या शौकिनाला गाडीची पोळ्यातली फिल्म हवी होती. इंजिन बंद होतं, म्हणून मिलचे हमाल तिला मागून ढकलत आणणार होते. वासुदेवराव डाव्या खिडकीतून हात घालून चाक सांभाळत चालणार होते. "तुमी आत बसा ना, भाऊ. फोटो छान येईन." मला हेच हवं होतं. तोरणाखाली पोचलो की दार उघडायचं, दारात उभं राहायचं आणि बोलायचं. वाक्य पाठ होतं. चार वेळा मनात म्हणून झालं होतं. मी उजव्या बाजूला बसलो.

गाडी हलली. कातड्याच्या सीटला कोंड्याचा वास होता. लोक वाट देत होते. वासुदेवरावांचा जाड हात डाव्या खिडकीतून चाकावर दिसत होता, मनगटातलं घड्याळ दिसत होतं. आखराच्या तोंडाशी पोचलो तेव्हा उजेड उतरू लागला होता आणि झडत्या थांबल्या होत्या.

मग घुंगरं थांबली. इतके बैल, आणि एकही मान हलवत नव्हता.

गाडी सरळ चालली होती. ती वळली. अलगद, सराईत वळण घेऊन त्या मोकळ्या जागेत शिरली आणि दोन जोड्यांच्या मध्ये थांबली. मी डावीकडे पाहिलं. खिडकीत हात नव्हता. वासुदेवराव बरेच मागे, आखराच्या तोंडाशीच राहिले होते, मान खाली घालून. चाक मात्र अजून सरळ होत होतं. हळूहळू, कोणीतरी तळहाताने परत सोडावं तसं.

शेजारची सीट खाली दबली होती. कातड्याच्या सुरकुत्यांत पाणी जमत होतं आणि सीटच्या कडेवरून थेंब थेंब खाली पडत होतं. शेवाळाचा वास आला. तोच, कालचा. मला दिसलं काहीच नाही. पण शेजारी माणूस बसला की त्या अंगाला जशी जाणीव होते, तशी माझी डावी बाजू गार पडली होती.

"गाडी कोणाची…"

आवाज भयंकर नव्हता. तेच मला आजवर पुसता येत नाही. थकलेल्या माणसाने एसटीत शेजाऱ्याला गाव विचारावं, तसा साधा आवाज.

"…सांग ना गा."

काचेतून मला गाव दिसत होतं. सगळ्यांना ऐकू गेलं होतं. डोमा खुरांकडे पाहत होता. म्हातारे, तरणे, हमाल, सगळे खाली पाहत होते. आणि त्या पाहण्यात सवय होती. मला तेव्हा समजलं. यांनी एकदाच गप्प राहून सोडवणूक करून घेतली नव्हती. यांना दर पोळ्याला विचारलं जात होतं.

आणि आता मला विचारलं होतं.

माझा गळा कोणी धरला नाही. तोंडात तलावाचं पाणी भरलं नाही. जीभ जागेवर होती, दोन शब्द तिच्यावर होते. ज्याने मंत्र्याला भर सभेत खोटारडा म्हटलं त्या माणसाला दोन शब्द बोलायचे होते. मी बोलू शकलो असतो. फक्त एवढंच वाटलं, की उत्तर दिलं तर तो माझ्याकडे वळेल आणि मला त्याचं तोंड पाहावं लागेल. तेवढ्यासाठी मी मान खाली घातली. पायांजवळच्या रबरी चटईकडे पाहत राहिलो. चटईवर पाण्याचा ओघळ माझ्या चपलेपर्यंत आला, आणि मी पाय उचलून घेतला.

किती वेळ गेला कोण जाणे. शेजारच्या सीटने एक लांब श्वास सोडला आणि ती वर आली. घुंगरं वाजू लागली. कोणीतरी घाईघाईने तोरण तोडलं आणि बैल घराकडे पळाले.

मी दार उघडलं तेव्हा समोर रंभाबाई उभ्या होत्या. काठी टेकत पाळीपासून इथवर आल्या होत्या. हातात पत्रावळ, तिच्यावर एक पुरणपोळी. रागावल्या असत्या तर मी भांडलो असतो. त्या पुटपुटल्या, "तुमीबी…?"

आणि पोळी पदराखाली झाकून परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी ट्रकवर चढली. मी भंडाऱ्याला आलो आणि लिहिलं. असं लिहिलं की संपादकांनी पूर्ण पान दिलं. परसरामचं नाव मथळ्यात. इंजिनिअरनंतरचा खरा मालक तोच, हे ठणकावून सांगितलं, हिरालालचं नाव घेऊन सांगितलं. वासुदेवराव भांडायला येतील असं वाटलं होतं; त्यांचा फोन आला, "बरं केलं, भाऊ," एवढंच म्हणून त्यांनी तो ठेवला. मुंबईच्या शौकिनाने गाडीत पितळी पट्टी लावली, मालकांची नावं ओळीने, दुसरं नाव परसराम. फोटो पाठवला. डोमाने टपरीवर पान चिकटवलं. मला नागपुरात एक पुरस्कारसुद्धा मिळाला, धाडसी लेखणीसाठी. तो मी हार घालून घेतला.

अंक घेऊन रंभाबाईंकडे गेलो होतो. "वाचून दाखवू?" म्हणालो.

"छापून कोनाले सांगतलं गा?" त्या म्हणाल्या. "त्यानं तं तोंडानं विचारलं होतं."

मी तोरणाबद्दल काही बोललो नाही. त्यांनीही काढलं नाही. चहा दिला. पुढे चैत्रात रंभाबाई गेल्या. मातीला गाव लोटलं होतं, असं डोमाने कळवलं. मी गेलो नाही. काम होतं, असं सांगितलं.

आज पुन्हा खांदमळणी आहे. मी भंडाऱ्यात, माझ्या घरी, टेबलाशी बसून हे लिहितो आहे. सकाळी बायकोने, कामिनीने, माझा पांढरा सदरा धुऊन अंगणातल्या दोरीवर टाकला होता. संध्याकाळी तो आत आणून तिने माझ्यासमोर धरला.

"अहो, कोणाच्या घरी गेले होते तुम्ही? हे काय लावून आणलं?"

"कुठेच गेलो नाही. काय झालं?"

सदऱ्याच्या दोन्ही खांद्यांवर पिवळं होतं. मऊ हाताने, गोल गोल चोळलेलं. मी वास घेतला नाही. घ्यायची गरज नव्हती. आज खांदे मळले, म्हणजे उद्याचं आवतन आलं. गाडी मुंबईला गेली, रंभाबाई गेल्या, आणि रांगेतली ती जागा अजून कोणासाठी तरी मोकळी आहे.

उद्या पहिल्या एसटीने जाईन, असं ठरवलं आहे. या वेळी बोलेन. मघाशी दार लावून म्हणून पाहिलं, आवाज नीट निघाला. दोनच तर शब्द आहेत.

आत्ता फाटक वाजलं. कामिनी बाहेर गेली, आणि अंगणातून तिची हाक आली.

"अहो, बाहेर या जरा. हे कोणीतरी विचारून राहिले, गाडी कोणाची म्हणून…"

आमच्या दारात गाडी नाही.

"अहो! पावसात भिजून उभे आहेत ते. सांगा ना त्यांना काहीतरी…"

पाऊस पडत नाही. खिडकीतून कोरडं अंगण दिसतं आहे. कामिनीने तिसरी हाक मारली. उत्तर माझ्या जिभेवर आहे. दार चार पावलांवर आहे. मी अजून टेबलाशी बसलो आहे, मान खाली घालून, आणि लिहितो आहे.